पाण्यावरचे तीन तास

माझी सासू नागपूरला दवाखान्यात होती आणि माझा नवरा तळ्यावर मासे पकडत होता. हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, म्हणून मी सांगायचं सोडून दिलं आहे. सगळं क्रमाने सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. आणि त्यातली मोठी चूक त्याची नव्हती, माझी होती.

आम्ही मेलबर्नला, क्रेगीबर्नमध्ये राहतो. नवरा मूळचा भंडारा जिल्ह्यातला. त्या भागात गावागणिक तलाव. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगला असताना, पण गोड्या पाण्यातला मासा त्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. गळाला गांडूळ कसं लावायचं ते त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं. वडील लवकर गेले. अंगणवाडीत नोकरी करून तिने त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला वाढवलं. तो तिला माय म्हणायचा. मी पुण्याची, मी आई म्हणायचे. फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काहून वं पोरी, जेवली का?" आमच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असोत की रात्रीचे नऊ.

करोनाच्या साथीच्या पहिल्या वर्षी घरात कोंडून नवरा पार कोमेजला होता. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, आयुष्यभर ट्रक चालवलेले. निर्बंध उठले तसे ते त्याला आपल्याबरोबर मासेमारीला न्यायला लागले. त्यांची एक छोटी अॅल्युमिनियमची होडी होती, तिला इकडे टिनी म्हणतात. त्यांनीच त्याला मरे कॉडबद्दल सांगितलं. हा इकडचा गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा. हिरवट, ठिपक्याठिपक्यांचा, तोंड एवढं रुंद की आपला हात आत जाईल. बुडालेल्या झाडांच्या बुंध्याशी दबा धरून बसतो. एप्रिल-मेमध्ये इकडे पानगळ असते, पाणी गार होऊ लागतं आणि थंडीच्या आधी कॉड पोट भरून घेतो. "ऑटम इज युअर टाइम, मेट," आजोबा म्हणायचे. "पण हजारदा टाकशील तेव्हा एकदा लागेल."

दुसऱ्या वर्षी, नेमक्या त्याच ऋतूत, भारतात दुसरी लाट आली.

आईंना आधी नुसता ताप होता. माझी नणंद नागपूरला शाळेत शिकवते, आई तिच्याकडेच राहायच्या. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन खाली गेला. नणंदेने चौदा ठिकाणी विचारून कुठेतरी एक खाट मिळवली. त्या दिवशी नवरा म्हणाला, "मी जातो."

तेव्हा इथून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. अशा कारणासाठी ती मिळाली असती. तिकडून परत कधी येता येईल याची मात्र खात्री नव्हती. मी त्याला म्हणाले, "दोन दिवस थांब ना. त्या सुधारल्या तर? तू तिकडे अडकलास तर मी पोरीला घेऊन इथे एकटी काय करू?" माझी नोकरी तेव्हा डळमळीत होती. मुलगी सात वर्षांची. मी जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं. तो थांबला. दोन दिवसांनी भारतातून येणारी विमानं बंद झाली, आणि पाठोपाठ बातमी आली की तिकडून कसंही करून परत आलात तर तो गुन्हा, तुरुंगसुद्धा होऊ शकतो. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक शिव्या देत होते, रडत होते. नवऱ्याने ती बातमी वाचली, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या शनिवारी तो आजोबांबरोबर उत्तरेकडच्या तळ्यावर गेला. मीच पाठवलं. दिवसभर घरात फोनकडे बघत बसलेला माणूस मला बघवत नव्हता. संध्याकाळी तो यलोबेली नावाचा मासा घेऊन आला, दीडेक किलोचा असेल. दारात शिरतो तोच नणंदेचा मेसेज आला. आईंचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवरून एक्याण्णववर गेला होता.

रविवारी तो गेला नाही, आणि सोमवारी आकडा पुन्हा उतरला.

तो सॉफ्टवेअरमधला माणूस. गणपतीपुढे हात जोडतानाही अर्धं लक्ष घड्याळाकडे. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात काय बसलं ते मला बुधवारी कळलं. तो गॅरेजमध्ये रीलला नवी दोरी भरत होता. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"मी चार दिवस रजा टाकलीये. तळ्यावर जातो."

"आत्ता?"

त्याने मान वर केली नाही. "एक कॉड. मोठा. तो लागला की माय घरी येते."

मी हसले नाही की त्याला समजावलंही नाही. त्याच्याकडे करण्यासारखं दुसरं काय होतं? मी म्हणाले, "आम्ही दोघी पण येतो." त्याला एकट्याला पाण्यावर सोडायची मला भीती वाटत होती. शाळेत कळवलं की मुलीचं पोट बिघडलंय. आजोबांनी काही न विचारता टिनीचा ट्रेलर आमच्या गाडीला जोडून दिला, लाइफ जॅकेटचे बंद स्वतः तपासून पाहिले आणि म्हणाले, "ब्रिंग हर बॅक वेट, नो वरीज." होडीबद्दल म्हणत होते, ओलीच परत आणली तरी चालेल.

ते तळं म्हणजे धरणाचं पाणी. दरी भरली तेव्हा त्यात अख्खं जंगल बुडालं, आणि मेलेल्या गम वृक्षांचे, म्हणजे निलगिरीचे, पांढरे बुंधे अजून पाण्यातून वर उभे आहेत. काठावर एक कॅरव्हॅन पार्क होता, त्यात आम्ही केबिन घेतली. पार्क जवळजवळ रिकामा. फोनला रेंज कुठेच नाही, फक्त मागच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की दोन कांड्या यायच्या.

टेकडीवर जायचं काम माझं होतं. त्याने तसं आल्याआल्याच सांगितलं. "तू जा. मला फक्त आकडा सांग." पहाटे उजाडायच्या सुमाराला तो होडी पाण्यात ढकलायचा. काठाला समांतर, त्या बुंध्यांच्या मधून हळूहळू जायचा. वीतभर लांबीचा नकली मासा दोरीला बांधलेला. तो फेकायचा, गुंडाळायचा, परत फेकायचा. दर दोन तासांनी मी वर जाऊन यायचे आणि काठावरून हाताच्या बोटांनी आकडा दाखवायचे. आठ, मग सात. सत्याऐंशी. तो मान हलवायचा आणि पुन्हा फेकायचा.

गुरुवारी काही लागलं नाही. शुक्रवारी आकडा ऐंशीच्या खाली गेला आणि नणंद म्हणाली, "वहिनी, व्हेंटिलेटरची खाट पाहिजे म्हणतात. इथे नाही. मी बाहेर फिरतेय, तू फोनवर बघ." मी दिवसभर त्या टाकीला पाठ लावून बसले. ग्रुपवर आलेल्या याद्यांमधले नंबर एकामागून एक फिरवत होते. बरेचसे बंद होते. काही जण नुसतंच "नाही" म्हणून ठेवून द्यायचे. एका माणसाने फोन उचलला आणि काही बोलेचना. मी हॅलो हॅलो करत राहिले. मग म्हणाला, "ताई, माझा भाऊ आत्ताच गेला. थांबा जरा." मी माफी मागून फोन ठेवणार तर म्हणाला, "थांबा म्हटलं ना. एक नंबर आहे माझ्याकडे, आमच्या कामाला आला नाही. लिहून घ्या." मी हातावर लिहून घेतला. तिथेही खाट नव्हती.

मुलगी माझ्या शेजारी बसून चित्रं काढत होती. मधेच म्हणाली, "मम, इज आजी गोइंग टू डाय?"

"नाही गं."

"देन व्हाय इज बाबा फिशिंग लाइक दॅट?"

तिलाही दिसत होतं. संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना दोरीने चिरा पडल्या होत्या. मी हळद लावायला गेले तर त्याने हात मागे घेतला. जेवताना म्हणाला, "आज एक कॉड गळामागे आला होता. होडीपर्यंत आला. मी त्याचं डोकं पाहिलं. मग वळला." पहिल्यांदाच तो एवढं सलग बोलला होता. "उद्या लागेल."

शनिवारी दुपारी दीड वाजता टेकडीवर फोन वाजला. नागपूरला सकाळचे नऊ.

"वहिनी," नणंद म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाजारात काय आणू असं विचारावं तसा. "माय गेली."

मी टाकीला हात लावून उभी राहिले. पत्रा उन्हाने तापला होता.

"दादा कुठे आहे?"

"पाण्यावर. तळ्यात. मी बोलावते त्याला."

"आत्ता नको बोलावू. आत्ता काहीच नाही. मला आत जाऊ देत नाहीयेत. गाडीसाठी नंबर लावलाय, आमच्यापुढे खूप आहेत. संध्याकाळ होईल म्हणाले इथली. घाटावर नेतील तेव्हा व्हिडिओ कॉल करते. दादाला तेव्हा बघता येईल. तू त्याला सांग नीट."

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे रात्रच. माझ्या डोक्यात हा हिशोब झाला, आणि त्याच्या आधारावर मी पुढचं सगळं केलं.

मुलीचा हात धरून मी खाली आले. येताना तिने वर पाहिलं. "मम, यू आर क्राइंग."

"सर्दी झालीये."

"डू वी नीड टू गेट टेस्टेड?"

"नाही. नाकात धूळ गेली."

तो काठापासून पन्नासेक मीटरवर होता. मला पाहून त्याने हनुवटी उचलली, म्हणजे आकडा काय. मी हात वर केला. त्याला हाक मारायची, ये म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण तो होडीत उभा होता, चेहऱ्यावर ऊन होतं, आणि त्या क्षणापर्यंत त्याच्या जगात त्याची माय जिवंत होती. मी हाक मारली की ते संपणार होतं. मला वाटलं, कॉल तर संध्याकाळी येणार. तोवर तिकडे काही होणारही नाहीये आणि याला काही करताही येणार नाहीये. असू दे. अजून थोडा वेळ असू दे.

मी आठ बोटं दाखवली. मग दोन.

ब्याऐंशी. आदल्या रात्रीपेक्षा चांगला. त्याचं सगळं अंग बदललं. खांदे खाली आले. त्याने मुठीने होडीच्या कडेवर एक थाप मारली, तिचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला.

मी मुलीच्या पाठीवर हलकेच थोपटत तिथे दगडावर बसले. दोन वाजले, अडीच वाजले. मुलीने चीज सँडविच खाल्लं. मी मनात म्हणत होते, आता पुढच्या फेरीनंतर सांगते. पुढच्या फेरीनंतर म्हणत होते, आता त्या मोठ्या बुंध्यापर्यंत जाऊ दे. तो गुणगुणत होता. ऐकू येत नव्हतं, पण मान हलताना दिसत होती. साडेतीनच्या सुमाराला त्याचा रॉड एकदम वाकला. होडी फिरली. तो खाली बसला, गुडघे टेकले, पुन्हा उठला. मुलगी उभी राहून ओरडायला लागली, "बाबा! बाबा गॉट वन!" पाण्यावर एक रुंद हिरवी पाठ आली, मला ती अजून दिसते. मग मासा बुंध्याच्या मागे गेला आणि रॉड सरळ झाला. दोरी तुटली होती.

त्याने तुटकी दोरी गुंडाळून घेतली. मग ओरडला, "आहे तो इथेच! अजून अर्धा तास, चालेल ना?"

मी ओरडले, "चालेल! काही घाई नाही!"

हे मी बोलले. माझ्या सासूला जाऊन दोन तास झाले होते.

पावणेपाचला तो काठाला आला. काही मिळालं नव्हतं, पण चेहरा बरा होता. होडी ओढायला तो पाण्यात उतरला, गुडघ्याएवढ्या पाण्यात. मुलीला मी केबिनमध्ये पाठवलं होतं. मी म्हणाले, "ऐक. आई गेल्या."

त्याने होडीची दोरी सोडली नाही. "कधी?"

मी होडीची कड धरली.

"कधी गेली?"

"दुपारी. दीड वाजता फोन आला."

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू ब्याऐंशी दाखवलंस."

"हो. ती म्हणाली संध्याकाळी कॉल करते, नंबर लागायला वेळ..."

तो ऐकायला थांबलाच नाही. ओल्या बुटांनी टेकडीवर पळत गेला. मी होडी कशीबशी काठावर ओढली आणि मागे धावले. मी वर पोचले तेव्हा त्याच्या हातातल्या फोनवर एकामागून एक मेसेज येऊन पडत होते. अकरा मिस्ड कॉल. यांच्या पुढच्या दोन गाड्या दुसऱ्या घाटाकडे वळवल्या होत्या, म्हणून यांचा नंबर लवकर लागला. नणंद घाटावरून तासभर फोन लावत होती.

त्याने फोन लावला, नणंदेने उचलला. डोक्यापासून पायापर्यंत निळ्या प्लॅस्टिकमध्ये होती, फक्त डोळे दिसत होते.

"दादा, कुठे होता तू? मी किती फोन केले. ते थांबले नाहीत रे. मी पाया पडली त्यांच्या."

"मला दाखव," तो म्हणाला.

तिने कॅमेरा फिरवला. मोकळं मैदान होतं, आणि त्यात चिता जळत होत्या. एका ओळीत, मग त्यामागे अजून एक ओळ. धुरात माणसं दिसत नव्हती.

"कोणती?"

"ती... तिसरी. नाही, थांब." फोन हलला. तिने कुणाला तरी विचारलं, उत्तर ऐकू आलं नाही. "दादा, मी आत्ता इकडे सरकली ना, धूर आला म्हणून. तिसरी की चौथी. थांब हं, मी सांगते."

"राहू दे," तो म्हणाला. "राहू दे. तू घरी जा. पाणी पी."

ती रडायला लागली ती तेव्हा. तो फोन धरून उभा राहिला, फोन बंद झाल्यावरही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने झटकला नाही, पण ती पाठ एखाद्या अनोळखी माणसाची असावी तशी होती.

त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. गाडी त्याने चालवली. मुलीने विचारलं, "डिड द फिश गेट अवे?" तो म्हणाला, "हो बेटा." दोन तासांनी घरी पोचलो. आजोबांनी आम्हाला पाहिलं आणि ट्रेलर सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या अंगणातलं गवत कुणीतरी कापून ठेवलेलं होतं.

पुढे पुन्हा लॉकडाऊन लागले, एक झाला की दुसरा. तेराव्याला त्याने एकट्याने पिठलं-भात केला, आईंना आवडायचा तसा, भरपूर लसूण घालून. तो मुलीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायला लागला. माझ्याशी बोलायचा, दूध संपलंय, मीटिंग आहे, एवढंच. मला वाटायचं त्याने एकदा मोठ्याने भांडावं. मी त्याला थांबवलं नसतं तर तो गेला असता. मी सांगितलं असतं तर त्याने निदान पाहिलं असतं. दोन्ही वेळा मीच होते. रात्री मी दोन्हींपैकी जास्त वाईट कुठलं याचा विचार करत पडायचे.

चारेक महिन्यांनी, एका दुपारी, तो भांडी पुसत होता आणि मी डबे भरत होते. त्याने एकदम विचारलं, "तू म्हणालीस काही घाई नाही. मला वाटलं माय बरी आहे. मला तसंच वाटावं असं तुला हवं होतं का?"

"हो."

"का?"

"तू तीन दिवसांत पहिल्यांदा बरा दिसत होतास."

त्याने ताट पुसून ठेवलं. दुसरं घेतलं. "होतो मी बरा. खूश होतो. गाणं म्हणत होतो मी." त्याने फडकं खाली ठेवलं. "ती तिकडे पिशवीत बांधलेली आणि मी गाणं म्हणत होतो. ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू मला दिलेस ना ते तीन तास, ते मला नको होते."

मी म्हणाले, "मला माहीत आहे. माफ कर."

"माहीत नाही," तो म्हणाला. "माफ करायला जमेल का ते मला माहीत नाही."

एवढं बोलून त्याने उरलेली भांडी पुसली. पण त्या रात्री तो गादी उचलून आमच्या खोलीत आला. खाटेवर नाही, खाली. तेही मला खूप वाटलं.

सीमा उघडल्यावर तो नागपूरला जाऊन आला. तिथे काय झालं ते त्याने मला थोडंच सांगितलं, मी जास्त विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभराने, एका मंगळवारी, मी ऑफिसमध्ये क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देत होते. काचेच्या भिंतीपलीकडे मला माझा नवरा दिसला. तो क्रेगीबर्नहून ट्रेन पकडून शहरात आला होता. फोनवर सांगायचं नाही असं त्याने ठरवलं असावं. त्याने दार उघडलं, सगळ्यांसमोर मला बाहेर बोलावलं आणि कॉरिडॉरमध्ये, लिफ्टच्या शेजारी, माझे दोन्ही दंड धरून म्हणाला, "तुझ्या बाबांना अटॅक आलाय. पुण्यात, आयसीयूत आहेत. अजून आहेत. संध्याकाळच्या विमानात जागा आहे, मी तिकीट काढलंय. पासपोर्ट माझ्याकडे आहे."

तो रागाने सांगत होता की प्रेमाने, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं नाही. मी आत जाऊन लॅपटॉपसुद्धा घेतला नाही. त्याने माझी बॅग भरून आणली होती. वर माझी जाड शाल होती, विमानात मला गारठायला होतं म्हणून.

मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. अजून दोन दिवस होते, मग गेले.